शाळांसाठीचा वृक्षलागवड संच: इंदूरच्या काळ्या मातीत कितपत उपयोगाचा?

जून उजाडला की शाळांच्या कार्यालयात हिरव्या पानाचे चित्र असलेले खोके येऊ लागतात. आत दहाएक बीजगोळे (मातीत बी घालून वळलेले गोळे), नारळाच्या भुशाच्या चार-पाच चकत्या, टोकाला बी बसवलेल्या दोन पेन्सिली, एक माहितीपत्रक, मुलाचे नाव लिहायचे प्रमाणपत्र आणि ज्यूटची छोटी पिशवी. विकणारे वेगळे, खोक्यावरचे नाव वेगळे, पण आतला माल थोड्याफार फरकाने हाच. टिळक नगर असो, सुदामा नगर असो की लोकमान्य नगर, पालक सभेत ‘मुलामागे एक संच घेऊन टाकू’ असा विषय निघाला, तर निर्णयाआधी हे परीक्षण वाचावे.

आमचे मत आधीच सांगतो. मुलामागे एक संच घेऊ नये. वर्गासाठी एखादा घ्यायला हरकत नाही, तोही उघडून तपासायला. उरलेले पैसे खत, माती, माठ आणि उन्हाळ्यातल्या पाण्याच्या सोयीवर घालावेत. याची कारणे खोक्यातल्या एकेका वस्तूतच आहेत.

बीजगोळे

संचाची सगळी भिस्त यांच्यावर असते आणि सर्वांत कच्ची वस्तूही हीच. पत्रकावर कडुलिंब, जांभूळ, बहावा, शिरीष अशी नावे असतात. यातल्या पहिल्या दोघांची गोष्ट पुढच्या दोघांहून अगदी निराळी आहे. निंबोळीची उगवणशक्ती दोन-तीन आठवड्यांत झपाट्याने घटते. जांभळाचे बी तर वाळले की मेलेच. आपल्याकडे निंबोळ्या आणि जांभळे पिकतात जून-जुलैत. मग जूनच्या सुरुवातीला हातात पडलेल्या गोळ्यात कडुलिंबाचे बी असेल, तर ते गेल्या हंगामाचे. ते उगवत नाही, यात मुलाच्या हाताचा काही दोष नाही.

बहावा आणि शिरीष यांचे बी वर्षानुवर्षे जिवंत राहते, पण त्याचे कवच टणक असते. बहाव्याचे बी काचकागदावर एका बाजूने घासून २४ तास पाण्यात भिजवले, तर लवकर फुटते. शिरीषाला उकळून खाली उतरवलेल्या गरम पाण्यात रात्रभर ठेवणे पुरते. गोळ्यात भरण्याआधी हे केले असेल, तर बी तिथेच फुटून वाळते. केले नसेल, तर ते मातीत महिनोन्महिने निजून राहते. दोन्हीकडून नुकसान.

आणि मग माळव्याची काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मैदानात फेकलेला गोळा भेगेत घसरतो, पहिल्या सरींनी माती फुगून भेग मिटते आणि बी वीतभर खाली गाडले जाते. वर राहिलेला गोळा मृगाच्या वळवाने भिजून फुटतो आणि नंतरच्या आठ-दहा दिवसांच्या उघडिपीत त्याचा कोंब करपतो. त्यातूनही वाचला, तर जुलैत गाजर गवत त्याच्या डोक्यावरून जाते. बीजगोळे उघड्या, कमी गवताच्या डोंगरउतारावर, भरवशाचा पाऊस लागल्यावर आणि भरपूर संख्येने टाकले तर काही उगवतात. शाळेच्या मैदानाचे ते काम नव्हे.

आलेल्या संचाचा मात्र चांगला प्रयोग होतो. दहा गोळे रात्रभर बादलीत भिजवा, सकाळी चाळणीवर धुऊन बिया वेगळ्या करा, मोजा आणि वाळूच्या ट्रेमध्ये अर्धा इंच खोल पेरा. ट्रेवर तारीख लिहा. चार आठवड्यांनी किती उगवल्या ते सहावी-सातवीची मुले टक्क्यात काढतील. निम्म्याहून कमी आल्या, तर पुढच्या वर्षी तो माल घेऊ नये.

चकत्या आणि पेन्सिली

नारळाच्या भुशाची चकती पाण्यात टाकली की फुगते आणि मुलांना त्याची मोठी गंमत वाटते. टोमॅटो, झेंडू, मिरची यांच्या रोपांना ती चालते. झाडाला नाही. कडुलिंब किंवा करंज आधी सोटमूळ खाली सोडतो आणि दोन-तीन इंचांच्या चकतीतून ते काही आठवड्यांतच बाहेर येते. भुशात पोषणही जवळपास नसते. पेन्सिलीत तुळस, मिरची, धने यांपैकी काहीतरी असते. पेन्सिल म्हणून ती ठीक. तिला वृक्षलागवडीत धरू नये.

माहितीपत्रक

बहुतेक पत्रकांवर ‘एक झाड वर्षाला सुमारे २२ किलो कार्बन डायऑक्साइड शोषते’ असे छापलेले असते. हा अंदाज पूर्ण वाढलेल्या झाडासाठी वापरतात, वीतभर रोपासाठी नाही. मुलांना आकडा पाठ करायला देण्यापेक्षा हिशेब करायला द्यावा. झाडाच्या सुक्या वजनाचा साधारण ४७ टक्के भाग कार्बन असतो आणि १ किलो कार्बन म्हणजे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड. एका वर्षाच्या रोपाचे मुळांसकट सुके वजन २०० ग्रॅम धरले, तर त्याने आतापर्यंत बांधलेला वायू भरतो जेमतेम ३५० ग्रॅम. तेच १०० किलो सुक्या वजनाचे झाड असेल, तर १७० किलोंच्या वर.

याच्या शेजारी शाळेचा पंखा ठेवा. जुना छताचा पंखा ७५ वॅट खातो. मधल्या सुट्टीत आणि खेळाच्या तासाला मिळून रोज एक तास तो बंद ठेवला, तर २०० शालेय दिवसांत १५ युनिट वाचतात. देशातल्या विजेच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे एका पंख्यामागे साडेदहा किलो आणि वीस पंख्यांमागे २१० किलो. वीस नवी रोपे पहिल्या काही वर्षांत याच्या जवळपासही येत नाहीत. म्हणून झाडे लावू नयेत असे नव्हे. सावली, पाखरे, मुरणारे पाणी, गार वर्ग ही त्यांची कामे मोठीच आहेत. पण हवामानासाठी मुलांनी काय करावे याचे उत्तर एकट्या रोपात नाही, वर्गाबाहेरच्या मीटरमध्येही आहे. आठवीच्या मुलांना दर सोमवारी मीटरचे आकडे लिहायला लावा. हे काम फुकट आहे आणि एकाही संचात सांगितलेले नाही.

आणखी एक. शाळेच्या आवारात जुना कडुलिंब किंवा पिंपळ असेल आणि त्याच्या बुंध्याला फरशी अगदी चिकटलेली असेल, तर ती चहूबाजूंनी १ मीटर मागे घ्या. मग मुलांना जमिनीपासून साडेचार फुटांवर टेप गुंडाळून बुंध्याचा घेर मोजू द्या, दर वर्षी त्याच तारखेला. पत्रकातल्या कोणत्याही चित्रापेक्षा हे त्यांच्या लक्षात राहते.

रोपे पुरवण्याची सेवा

काही पुरवठादार संचाऐवजी कार्यक्रमच विकतात. रोपे, खड्डे, फलक, फोटो आणि जागेची नोंद, सगळे एकाच दरात. यात रोपाचा दर्जा आणि लागवडीनंतरची देखभाल एवढेच पाहायचे, बाकी सजावट. एक वर्ष देखभाल असे लिहिले असेल, तर त्यात किती वेळा आणि किती लिटर पाणी हे कागदावर घ्या. मेलेले रोप कोण आणि कोणत्या महिन्यात बदलणार, हेही.

रोप स्वतः निवडायचे असेल, तर महूकडच्या बडगोंदा इथल्या वन विभागाच्या रोपवाटिकेसारख्या सरकारी रोपवाटिकेत आधी चौकशी करावी. तिथे देशी जाती मिळण्याची शक्यता जास्त आणि दरही बहुधा कमी. रोप दोन-तीन फुटांचे, बुंधा पेन्सिलीएवढा जाड आणि पिशवी निदान ६ × ९ इंचांची असावी. सहा फुटांचे सडपातळ रोप इवल्याशा पिशवीत दिसले, तर फोटोत कितीही छान दिसो, घेऊ नका. त्याची मुळे आत गोल गोल फिरून दोरीसारखी झालेली असतात आणि जमिनीत गेल्यावरही ती तशीच आवळत जातात. खरेदीच्या वेळी एक पिशवी उभी चिरून पाहायला मागा. चांगला रोपवाटिकावाला नाही म्हणत नाही.

जातींबद्दल थोडक्यात. करंज, कडुलिंब, बकुळ, बहावा, जांभूळ, आवळा, कवठ, बेल हे शाळेसाठी बरे. जांभूळ मात्र वाहनतळाजवळ नको आणि बेलाला काटे असतात म्हणून लहान मुलांच्या मैदानाकडेला नको. सप्तपर्णी वर्गाच्या खिडकीपाशी लावू नये, शरद ऋतूत तिच्या फुलांच्या उग्र वासाने काहींचे डोके दुखते. गुलमोहराच्या फांद्या वादळात मोडतात. कोनोकार्पस कोणी फुकट दिला तरी घेऊ नये. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. वड-पिंपळ इमारतीपासून दहा मीटर दूर जागा असेल तरच.

शंभर चौरस मीटरात तीनशे रोपांची मियावाकी पद्धतीची दाटी हल्ली शाळांना सुचवली जाते. दोन-तीन वर्षे नियमित पाणी आणि निंदणीची सोय असेल, तर ती छान वाढते. सोय नसेल, तर एकदम तीनशे रोपे वाळलेली पाहणे मुलांच्या नशिबी येते.

खड्डा

संचात खड्ड्याविषयी बहुधा एकच ओळ असते, ‘खड्डा करून रोप लावा’. इंदुरात सगळा खेळ त्यातच आहे. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा मेमध्येच खणून उन्हात तापू द्यावा. पहार आणि कुदळीचे हे काम माळ्याचे किंवा मजुरांचे, मुलांचे नाही. बऱ्याच शाळांच्या मैदानात काळ्या मातीवर मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा दाबलेला असतो. तो थर पहारीने फोडला नाही, तर खड्ड्याची कुंडी होते आणि मुळे तिच्यातच फिरतात.

खणून झाल्यावर खड्डा पाण्याने भरून पाहा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे असेल, तर तिथे कडुलिंब लावू नका, त्याला साचलेले पाणी सोसत नाही. अर्जुन, करंज, जांभूळ, कदंब लावा. भरताना वरची माती आणि ४-५ किलो मुरलेले खत मिसळावे, वाळवीचा त्रास असेल तर मूठभर निंबोळी पेंड, आणि भराव जमिनीपेक्षा चार बोटे उंच ठेवावा. काळी माती बसते. सपाट भरलेला खड्डा ऑगस्टमध्ये डबके होतो. आळे करायचे ते पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात.

लागवड मृगात नको. माळव्यात पाऊस खरा धरतो तो आर्द्रेच्या सुमारास, म्हणून जूनअखेर ते जुलैचा मध्य ही योग्य वेळ. मुलांच्या हातून सर्वाधिक होणाऱ्या चुका दोन: पिशवीसकट लावणे आणि रोप शेंड्याला धरून ओढणे. पिशवी मोठ्यांनी दोन बाजूंनी उभी चिरावी, मुलांनी मातीचा गोळा दोन्ही तळहातांवर घेऊन ठेवावा. चिरलेल्या पिशव्या मोजून परत घ्याव्यात. चाळीस रोपे तर चाळीस पिशव्या. एक कमी भरली, तर ती कुठेतरी जमिनीत आहे.

संचाऐवजी: शाळेची रोपवाटिका

मुलांना बीपासून झाड दाखवायचे, हा संचाचा हेतू चांगलाच आहे. तो दुधाच्या पिशव्यांवर जास्त चांगला साधतो. एक लिटरची सांचीची पिशवी जवळजवळ रोपवाटिकेच्या पिशवीएवढीच असते. कोपरा न कापता वरची पूर्ण कड कापून ती धुऊन आणायला सांगा, म्हणजे प्लास्टिकचा तुकडा सुटून पडत नाही. खालच्या तिसऱ्या भागात सहा-आठ भोके. भरायला दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग खत. नुसती काळी माती भरली, तर ती सुकून विटेसारखी होते आणि कोंब फुटत नाही. चाळीसच्या वर्गासाठी पन्नास पिशव्या धरा. महिन्यातून एकदा सगळ्या पिशव्या उचलून जागा बदला, नाहीतर मुळे खालच्या जमिनीत शिरतात आणि उचलताना तुटतात. पुढच्या जुलैत त्यातली दहा सर्वांत ठणठणीत रोपे शाळेत लावा, चार मुलांमागे एक. बाकीची घरी, देवळात, कॉलनीच्या बागेत.

दहा हा आकडा छोटा वाटेल. १४ जुलै २०२४ ला इंदूरने रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांहून अधिक रोपे लावून गिनीज विक्रम केला. त्यामागे अख्ख्या शहराचे मनुष्यबळ होते. शाळेपाशी एक माळी आणि पाण्याची एक टाकी असते, त्या मापाने दहा बरोबर आहे.

खतासाठी तर या शहराला बाहेर जायची गरजच नाही. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत जी कंपोस्टची रीत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. इंदूरच्या मुलांना ती ठाऊक नसावी, हे आम्हाला मनापासून लागते. शाळेपुरती ती अशी: १ मीटर लांबी, रुंदी आणि उंचीचा ढीग. वीतभर सुक्या पानांचा थर, त्यावर तीन बोटे शेण आणि डब्यातला भाजीपाल्याचा ओला कचरा, त्यावर मूठ-मूठ माती आणि राख, मग पाणी, पिळलेल्या फडक्याएवढा ओलावा येईल इतकेच. थर पुन्हा पुन्हा. पंधरा दिवसांनी, एक महिन्याने आणि दोन महिन्यांनी ढीग उलटायचा, तीन महिन्यांत खत तयार. फेब्रुवारीच्या शेवटी, पानगळीत, ढीग लावला, तर शेवटची उलटापालट एप्रिलअखेर येते, म्हणजे सुट्टीच्या आधी, आणि जूनमध्ये खत हाताशी असते.

ढीग चालू आहे की नाही हे पाहायला मधोमध लोखंडी गज खुपसा. पाच मिनिटांनी काढल्यावर चटका बसला, तर ठीक. गज गार निघाला, तर ढीग कोरडा आहे किंवा शेण कमी पडले. घाण वास आला, तर पाणी जास्त झाले. उलटून सुकी पाने घाला. खत होण्याची वाट पाहायची नसेल, तर शहराच्या ओल्या कचऱ्यापासूनही खत होतेच: देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प १९ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाला, त्याची क्षमता दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्याची आहे आणि त्यातून वायूबरोबर खतही निघते. सहलीसाठी ही जागा उत्तम.

पाणी

शाळेतली रोपे पावसाळ्यात फारशी मरत नाहीत. ती मरतात मे आणि अर्ध्या जूनमध्ये, शाळा बंद असताना. पहिल्या हिवाळ्यात रोपामागे आठवड्याला १० लिटर, एप्रिलपासून आठवड्यातून दोनदा. दहा रोपांना उन्हाळ्यात आठवड्याला २०० लिटर लागतात. इंदूरच्या नळाचे नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर पंपांनी घाट चढून येते, म्हणजे प्रत्येक बादलीमागे वीज आहे. म्हणून आधी वापरलेले पाणी. घरी जाताना ४० मुलांनी बाटलीत उरलेले २०० मिलिलिटर एका टाकीत ओतले, तर रोजचे ८ लिटर होतात. सुट्टीसाठी रोपाजवळ हातभर अंतरावर ५-७ लिटरचा बिनरंगाचा मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरावा, तोंडावर झाकण. चार-पाच दिवसांनी एकदा भरला की पुरतो. बुंध्यापासून तीन बोटे सोडून वीतभर सुक्या पानांचे आच्छादन. आणि चौकीदाराला या कामाचे वेगळे पैसे द्यावेत, शाळेच्या ठरावात लिहून.

प्रमाणपत्राबद्दल एक सूचना. ते लागवडीच्या दिवशी देऊ नका. एका वहीत रोपाचा क्रमांक, जात, उंची, बुंध्याचा घेर आणि मेले असेल तर कारण, असे रकाने पाडा, नोंद जुलै आणि जानेवारीत. तिसरा पावसाळा पाहिलेल्या रोपाच्या चार मुलांना प्रमाणपत्र द्या. तोवर रोप मेले असेल, तर कारण शोधून लिहिणाऱ्यांनाही द्या, कारण ती नोंद पुढच्या वर्गाला उपयोगी पडते.

राहिली ज्यूटची पिशवी. ती ठेवण्यासारखी आहे, निंबोळ्या गोळा करायला. जुलैत झाडाखाली पडलेल्या पिवळ्या निंबोळ्या घ्याव्यात, हिरव्या किंवा सुरकुतलेल्या नाहीत. त्याच दिवशी पाण्यात चोळून गर काढावा, दोन दिवस सावलीत वाळवाव्यात आणि आठवड्याच्या आत पिशवीमागे दोन अशा बोटाच्या एका पेराएवढ्या खोल पेराव्यात. दोन्ही उगवल्या, तर कमजोर कोंब उपटू नये, कात्रीने कापावा. उपटताना शेजारच्याचे मूळ हलते.